पारुबाईच्या बाजेवरचा दिवा

प्रिय सरिता,

सप्रेम जयभीम.

नऊ दिवस झाले, तुझा फोन वाजतो पण तू उचलत नाहीस. ‘मी बरी आहे’ एवढंच आईच्या मोबाइलवर आलं. तेवढ्यावर तिचं जेवण गेलंय आणि माझी झोप. म्हणून शेवटी कागद काढला. हॉस्टेलचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, मंतशाकडून घेतला. तिला रागावू नकोस. मीच कळमनुरीला तिच्या अब्बांच्या दुकानात जाऊन ठाण मांडलं होतं. दोन चहा झाले तरी हा माणूस उठत नाही म्हटल्यावर त्यांनी तिला पुण्याला फोन लावला, तेव्हा कुठं पोरीनं तोंड उघडलं.

मागच्या फोनवर तू म्हणालीस, बाबा, धम्मदीप आणि मी आता सेपरेट राहतोय, मी हॉस्टेलवर आलेय. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो आणि फोन आईकडे दिला. खरं तर विचारायचं होतं, मारलं का गं त्यांनी? जिभेवर आलं आणि गिळलं.

तुला माहीत आहे, लाइनमनच्या नोकरीत बत्तीस वर्षं मी हाच ‘सेपरेट’ शब्द ऐकला. शेतीचं फीडर, म्हणजे पंपांची लाइन, गावापासून सेपरेट झालं, तेव्हा तर गावानं शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला होता. पंप बंद पडले तरी घरात उजेड राहायला लागला. बारावीला तू सेपरेट खोली मागितलीस, तर मी मधे पत्रा ठोकून दिला आणि पत्र्याआडून तुझं पाठांतर ऐकत बसायचो. तुझ्या आजोबांची कपबशीही हॉटेलच्या वळचणीला सेपरेटच असायची, फक्त म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. तेव्हा शब्द तसा ओळखीचाच. तुझ्या लग्नाबद्दल तो ऐकायची मात्र सवय नव्हती.

सगळ्यात जास्त ऐकला तो भावाभावांच्या वाटण्यांत. आधी चूल वेगळी होते, मग मीटर. पुसेगावला असताना पारुबाईच्या दोन्ही लेकांनी मला बोलावलं. थोरल्याच्या खोल्या एका मीटरवर घेतल्या, धाकट्याच्या दुसऱ्यावर. मधल्या खोलीत म्हातारीची बाज. तिथली वायर दोघांनीही आपल्या मीटरवर घेऊ दिली नाही. म्हातारी मलाच विचारायला लागली, लाइनमन, मह्या बाजेवरचा दिवा कोन्या लेकाचा हाय? मी म्हणालो, मावशी, माझं काम मीटर बसवायचं, ते बसवलं. आणि पक्कड पिशवीत टाकून निघालो. पुढच्या आठवड्यात त्या गल्लीतून गेलो तर म्हातारी भर दुपारी दार उघडं टाकून, उजेडाकडे तोंड करून तांदूळ निवडत होती. मी सायकल थांबवली नाही.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. परवापासून ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझं लग्न झालं आणि आठव्या दिवशी मी तहसीलला जाऊन रेशनकार्डावरचं तुझं नाव कमी करून आणलं. कागदपत्रांत आपण पक्के, अशी माझी मिजास. तो दाखला तुझ्या सासरी दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला, नाव काही चढवलं नाही, हे तूच आईला सांगितलं होतंस. म्हणजे चार वर्षं झाली, लेकरा, तू इथल्याही कार्डावर नाहीस आणि तिथल्याही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. गेल्या वर्षी भीमजयंतीला तू आलीस. तीन दिवस हसत होतीस, आईला पुरणपोळ्या लाटू लागलीस. चौथ्या दिवशी तुझी बॅग उचलून मी तुला वारंगा फाट्यावर गाडीत बसवून दिलं. म्हणालो, जास्त दिवस राहिलीस तर लोक विचारतात. पण आदल्या दिवशी चार्जर शोधताना मी ती बॅग उघडली होती. एप्रिलचं ऊन, पत्रा तापलेला, आणि तुझ्या बॅगेत तुझा जाड निळा स्वेटर होता. चार दिवसांच्या पाहुणीला स्वेटर कशाला लागतो, हे न कळण्याइतका तुझा बाप अडाणी नाही. मला कळलं होतं, सरिता. कळूनच मी तुला गाडीत बसवलं.

परवा तहसीलला जाऊन तुझं नाव पुन्हा चढवायचा अर्ज आणला. सोबत जोडलाय, खुणेच्या जागी सही कर. करावीशी वाटली नाही तर राहू दे. नोकरी तिथंच करायची असेल तर खुशाल कर, मी बोलावतोय म्हणजे ये असंही नाही. पत्र्याआडच्या खोलीतलं धान्य मी सोप्यात काढलंय, नवी वायर ओढून बल्ब लावलाय. आई रोज संध्याकाळी तो पेटवते. धम्मदीपरावांबद्दल कुणी काही विचारणार नाही, आणि गल्लीत कुणी विचारलंच तर उत्तर मी देईन. फक्त एकदा फोन उचल. आणि येशील तेव्हा तो निळा स्वेटर घेऊन ये.

तुझाच,
बाबा
डोंगरकडा