शेवटच्या दोघांपैकी एक

रविवार, ता. १४ जुलै
चि. श्रीकांतचा दहावा रामकुंडावर झाला. गुरुजींचे उच्चार इतके सदोष, की दोनदा थांबवून मीच मंत्र म्हटले. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ. प्रत्येकाला विमान कसे पडले हे ऐकण्याची हौस. पाऊस होता, मुंबईत उतरताना धावपट्टी दिसली नाही, आपटले. याहून अधिक मला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचेही नाही.
मेधा सुतकी चेहऱ्याने कोपऱ्यात. (नावाआधी सौ. लिहिण्याची सवय. हात थबकला.) पेटी उघडू दिली नाही याचा तिच्या मनात राग आहे. नवऱ्याचे तोंड पाहायचे होते म्हणे. रुग्णालयात मी पाहिले, मी ओळखले, तेवढे पुरे. ओळख पटायचे तिथे शेवटी दोनच देह उरले होते. त्यांतील श्रीकांत कोणता, हे बापाला कळणार नाही?

मंगळवार, ता. १६
सकाळी एक इसम चिखलाच्या वहाणांसह थेट ओसरीवर. नामदेव, मखमलाबादकडचा फुलांचा मळेवाला. त्याचा मुलगा बाळू त्याच विमानात होता. गुलाबांची हरितगृहे पाहून बंगलोरहून परतत होता. वार्ता कळून हा पोचला तोवर मी श्रीकांतला घेऊन निघालो होतो. उरलेला तो याचा, हे उघड आहे. पण हा म्हणतो, नाही.
“मास्तर, तुमी जाळला तो माझा बाळू व्हता.”
बाकी सर्व जळाले असले तरी उरलेल्याचा एक हात शाबूत आहे म्हणे. मऊ, लांब बोटांचा. “लिहिणाऱ्याचा हात हाय तो. माझ्या पोराच्या हाताला घट्टे व्हते.”
मी त्याला हाकलले. उर्मट मनुष्य. जाताना वहाणा हातात घेतल्या, म्हणजे रीत ठाऊक होती.
मेधा दाराआड उभी होती.

बुधवार, ता. १७
तेरावा पार पडला. रात्री मेधाने जेवताना विचारले, “नाना, तुम्ही हात पाहिले होते का?”
मी म्हणालो, कपाळ पाहिले. आमच्या घराण्याचे कपाळ लपत नाही.
“मी हात विचारले.”
सुनेने सासऱ्याची उलटतपासणी घ्यावी, हे या घरात प्रथमच घडले. मी पानावरून उठलो. तिने थांबवले नाही.

शनिवार, ता. २०
रुग्णालयातून दूरध्वनी. नामदेवने तिथे अर्ज केला आहे. उरलेला कोणाचा हे ठरवायला दोन्ही बापांचे रक्त तपासायचे. वडील देत नसतील तर अपत्याचे चालेल. मी नकार दिला. ज्याचा दहावा झाला, तेरावा झाला, त्याचे आता काय तपासायचे?
मेधा म्हणाली, निनादला घेऊन ती मंगळवारी मुंबईला जाईल.
“सहा वर्षांच्या मुलाच्या हातात सुई टोचवणार?”
“मग तुमच्या हातात टोचून घ्या.”
श्रीकांत असता तर असे बोलण्याची तिची

रविवार, ता. २१
पुन्हा तो. या वेळी फाटकाबाहेर, भर पावसात, सगळा गंगापूर रोड ऐकेल अशा आवाजात. समोरच्यांच्या गच्चीवर माणसे जमली.
“तुमच्या गोत्रानं पानी पाजलं माझ्या पोराला. परक्या घरात पान मांडलं त्याचं. तो जेवला आसंल का उपाशी गेला, सांगा मास्तर.”
मी दार लावून घेतले. खिडक्याही. तरी बराच वेळ तो तिथेच होता.
एवढेच नोंदवतो: हात चादरीखाली होते. तेथील कर्मचारी चादर वर करतो म्हणाला होता. मी म्हणालो, नको, पुरे. पुरे म्हणालो कारण पाहवत
त्याचे म्हणणे खरे धरले, तर श्रीकांत अजून तिथेच आहे. बेवारस म्हणून. आणि मी इथे तेराव्याचे लाडू वाटले.

मंगळवार, ता. २३. मुंबई.
निनादला शेजारी ठेवले. मी व मेधा पहाटेच्या बसने आलो. रक्त दिले. निकालास काही आठवडे लागतील. उरलेल्याला पाहू द्या, म्हणालो. निकालापर्यंत कोणालाच दाखवता येणार नाही, हे उत्तर. मी आवाज चढवला. उपयोग नाही.
शवागाराच्या दाराशी बाकावर नामदेव. पायाशी निशिगंधाची जुडी. पहारेकऱ्याने सांगितले, हा जवळजवळ रोज येतो. नाशिकहून फुलांच्या गाडीत बसून येतो, बाजारात माल उतरवतो, मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत इथे.
मला संताप आला. सरळ विचारले, “तो तुमचा नाही म्हणता ना? मग इथे बसता कशाला?”
त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. “त्याच्यापाशी कुनी नव्हतं.”

मग तो उठला, पंचा झटकून खांद्यावर टाकला. “आता तुमी बसा. मी लय बसलो.” आणि निघाला. मी क्षमा मागितली नाही. त्याला ती नकोच होती. दाराबाहेर जाऊन थुंकला, ते मुद्दाम, मला दिसेल असे. फुले बाकाखालीच.

त्याच बाकावर बसून पेन्सिलीने लिहितो आहे. अक्षर वाकडे येते. मेधा शेवटच्या बसने निनादकडे गेली. मी कपाळ आठवून पाहतो आहे. सकाळपर्यंत आठवत होते.
दाराच्या फटीतून गार हवा पायांना लागते. उद्या येताना पायमोजे आणायला मेधाला सांगितले आहे.