विज्ञानाचे उरलेले तीन धडे

४ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, मी ठणठणीत आहे. फोनवर तुम्ही ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ एवढंच बोलता, म्हणून हा खटाटोप.

आमच्या गटाचं काम तुम्हाला ठाऊक आहे. अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं आवाजात भरायची. वाचणारा एका देशातला, आवाज साफ करणारा दुसऱ्या देशातला. साफ करणाऱ्याला ती भाषा येता कामा नये, असा नियमच आहे. म्हणजे तो धड्यात रमत नाही, खरखर तेवढी ऐकतो. आईने वाचलेल्या विज्ञानाच्या पुस्तकात हाच नियम अंगाशी आला. प्रत्येक धड्याआधी ती तुम्हाला सांगते, “अहो, दार लोटून घ्या.” समुद्रापलीकडच्या मुलीला वाटलं, दर वेळी येतंय म्हणजे पुस्तकातलंच असणार. तिने ते जपून ठेवलं. आता वर्गच्या वर्ग धड्याआधी एका सुरात तुम्हाला दार लोटायला सांगतो. मुलगी बिचारी ओशाळली आहे. काढायचं का?

आई गेली तेव्हा तीन धडे राहिले होते. परीक्षा जवळ येतेय. ते तुम्ही वाचाल?

माया आहे तशीच असू द्या.
तुमची,
ठमी

१३ ऑगस्ट

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. वाचताना समोर कोणी असले की तुझ्या आईला अवघडायचे. म्हणून मी दार लोटून बाहेर बसत असे. ते वाक्य काढा. अभ्यासाच्या पुस्तकात घरचे बोलणे नको. त्या मुलीला मात्र कोणी बोलू नका. भाषा येत नसूनही तिने नीट सांभाळले.

मी जन्मभर विजेचे मीटर तपासले. चार माणसांत बोललो नाही. वाचणे माझ्याने होणार नाही. त्या खोलीत अजून जाववत नाही. दुसरे कोणी पाहा.

जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण ठेव.
तुझे,
बाबा

२९ ऑगस्ट

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

वाक्य काढलं. आमच्यातल्या एकाने धडा वाचून पाहिला. गाडी उशिरा येत असल्याची घोषणा वाटली. मुलांनी बाईंना विचारलं, आधीच्या मावशी कुठे आहेत. बाईंनी खरं ते सांगितलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “दाराबाहेरच्या काकांना तर सगळे धडे ऐकू आले असतील. त्यांना सांगा ना वाचायला.”

मी फक्त कळवते आहे, बाबा. आग्रह नाही.

लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची,
ठमी

२१ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

त्या मुलीचे बरोबर आहे. मला सगळे ऐकू येत होते.

सुरुवातीला खोलीत नुसता बसून आलो. मग ‘रक्ताभिसरण’ वाचला. तुमच्या साफ करणाऱ्या मुलीने परत पाठवला, मी फार सुस्कारे टाकतो म्हणून. पुन्हा वाचला, तर खुर्ची करकरते म्हणाली. आता उशी घेऊन बसतो. पोरगी तुझ्या आईसारखीच काटेकोर आहे. तिला माझे आशीर्वाद सांग. तिच्या भाषेत काय म्हणतात ते तू पाहा.

दुसरा धडा पहिल्याच वेळी पास झाला. तिसरा उद्या संपेल. त्यानंतर खोलीत जायला काही कारण उरणार नाही, हे काल जेवताना लक्षात आले. भूगोल कोणी घेतला नसेल तर माझ्याकडे पाठवावा.

अधूनमधून लिहीत जा, आम्हाला बरे वाटते.
तुझे,
बाबा