एकदाच विचारलं

२० सप्टेंबर

प्रिय नीलम,

जय भीम. ही पानं डायरीतून फाडून लिहितेय, आणि त्यांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवणार आहे. आवाज रेकॉर्ड केला असता तर तू तो नेहमीसारखा स्पीकरवर लावला असतास आणि बाबांनी ऐकला असता. हे फक्त तुझ्यासाठी आहे. ड्यूटी संपल्यावर, घरी जाताना ऑटोत वाच.

मी ऑस्ट्रियात आहे. लिन्झ नावाच्या शहराच्या थोडं अलीकडे, एका शेतातल्या घरात. चार दिवस झाले, एक किलोमीटरसुद्धा पुढे गेलेले नाही. रोज सकाळी सायकलच्या पिशव्या भरते, पट्टे आवळते, चाकातली हवा दाबून पाहते, आणि दहा वाजेपर्यंत सगळं परत सोडते. डॅन्यूब नदी जिथे समुद्राला मिळते तिथून मी निघाले त्याला दोन महिने झाले. तिचा उगम आता सातशे किलोमीटर राहिला, म्हणजे अकरा-बारा दिवस. पुढे उगमाकडे जायचं की मागे वळून व्हिएन्नाचा विमानतळ गाठायचा आणि अकोल्याला यायचं, एवढंच ठरवायचं होतं. तब्येत ठणठणीत आहे. अडचण दुसरी आहे आणि ती तुझ्याशी जोडलेली आहे. सरळ त्या विषयावर यायला मला जमत नाहीये, म्हणून आधी थोडं इकडचं सांगते.

फोनवर तू रोज एकच विचारतेस, लोक चांगले आहेत ना? चांगले आहेत गं. हंगेरीत चेन तुटली, तर एका ट्रॅक्टरवाल्याने सायकल ट्रॉलीत टाकली आणि मला बावीस किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत नेऊन सोडलं. नाव विचारलं तर नुसता हात हलवून निघून गेला. रुमेनियात एक म्हातारी फाटकाशी उभी होती. तिने माझ्या सायकलचं हँडलच धरलं आणि बैल ओढावा तशी मला अंगणात ओढत नेलं. मी छातीवर हात ठेवून नको नको म्हणतेय, तिला माझी भाषा येत नाही, मला तिची नाही. तिने मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि वर पांढरं चीज असं ताट पुढ्यात ठेवलं आणि ते संपेपर्यंत समोर स्टूल टाकून बसली. मला केशरआत्याच आठवली. तेच कमरेवर हात, तेच डोळे वटारणं.

मार्चपर्यंत मी रविवारी मूर्तिजापूरपर्यंत सायकल मारायचे, कधी पुढे अमरावतीपर्यंत आत्याकडे, ते दिवस इथे फार आठवतात. मूर्तिजापूरच्या स्टँडजवळचा चहावाला मला हेल्मेटमध्ये पाहून दर वेळी म्हणायचा, "काय मॅडम, शकुंतला बंद पडली म्हनून सायकलनं निघाल्या काय?" तिथल्या स्टेशनावर बाबांनी आयुष्यभर नोकरी केली, ती छोटी रेल्वेगाडी हजारदा हिरवी झेंडी दाखवून सोडली, आणि त्यांची पोरगी तिच्या नावाने टोमणे खात चहा पिते. बाबांना हे सांगितलं की ते पोट धरून हसायचे. तेव्हा, लकव्याच्या आधी, त्यांचं हसू दोन्ही बाजूंनी यायचं.

आता या घराचं सांगते. गेल्या मंगळवारी संध्याकाळी गारठा पडला होता, अंग ओलं होतं, आणि सकाळपासून पोटात दोन केळी. हे घर दिसलं. साठीची एक बाई रबरी बूट घालून सफरचंदांच्या पेट्या आत नेत होती. तिचं नाव हेर्टा. तंबू लावू का, असं मी विचारलं. ती लावू नको म्हणाली, आत खोली आहे. मी म्हटलं, नको नको, अंगणात चालेल. तिने विचारलं, जेवलीस का? आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल सांग. "हो, आत्ताच जेवले." ती म्हणाली, बरं. पाण्याची बाटली भरून दिली, गुड नाइट केलं आणि दार लावून घेतलं. मी तंबूच्या तोंडाशी बसून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. ती सूप पीत होती. माझ्याकडे अर्धा बिस्किटाचा पुडा होता. मला तिचा राग आला, खरं सांगते. परत विचारायला काय झालं होतं हिला?

सकाळी मी इतक्या घाईने पाव खाल्ला की तिच्या लक्षात आलं. मोबाइलमध्ये भाषांतर करत करत मी तिला सगळं समजावलं, की आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणत नाहीत, दुसऱ्यांदाही नाही, तिसऱ्यांदा यजमान ऐकतच नाही आणि मग पाहुणा बसतो. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. म्हणाली, तू मला खोटं सांगितलंस आणि ते मी ओळखावं असं तुला वाटत होतं. मग थोडा विचार करून तिने विचारलं, तुमच्याकडे एखाद्याला खरंच नको असेल तर तो काय म्हणतो? आणि तुम्हाला ते कळतं कसं?

कळतं, एवढंच मी म्हणाले. आपल्याला कळतंच की. केशरआत्याला आपली भूक चेहऱ्यावर दिसायची. अमरावतीला गेलं की आई दारातच दटावायची, लगेच हो म्हणायचं नाही, पोरी हावरट दिसतात. मी मान खाली घालून "नको आत्या, जेवून आलो" म्हणायचे. आणि तू, सहा वर्षांची, आत्याने विचारायच्या आधीच, "आत्या, मले भूक लागली." आईने तुला असा चिमटा काढला होता की तू तिथेच भोकाड पसरलंस, आणि आत्या आईवर ओरडली, "काहून मारतं तिले? या घरात एकच पोरगी खरं बोलते."

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. हेर्टाच्या सफरचंदांना माणसं कमी पडत होती, म्हणून एक दिवस तिला हातभार लावायला थांबले. दुपारी झाडाखाली बसले होते तेव्हा आत्याचा फोन आला. इकडची थंडी, तिचे गुडघे, असं सगळं बोलून झालं. मग बोलता बोलता ती म्हणाली, "तू तिकडं नदी पाहून राहिली, अन् इकडं नीलम बढतीले नाही म्हनून राहिली. तुले नाही सांगतलं काय तिनं?" "कोणती बढती?" मी म्हटलं. तिला कळलं की मला माहीत नाही. "जाऊ दे बाई, मी काई बोलली नाही. मायं नाव नको घेजो." पण मी सगळं काढून घेतलं तिच्याकडून. तुझी इन्चार्ज सिस्टर म्हणून ऑर्डर आली आहे, अमरावतीला. आता आई नाही, बाबांना एकटं ठेवता येत नाही, शिफ्ट ड्यूटीत अकोला-अमरावती अप-डाऊन जमणार नाही, म्हणून तू नाही म्हणणार आहेस, आणि ते तीस तारखेपर्यंत लेखी द्यायचं आहे. तुझ्यामागून लागलेली मुलगी त्या खुर्चीवर बसेल. आत्यावर रागावू नकोस. तिचं नाव मी घेतलं, ते तिला सांगू नकोस म्हणजे झालं.

त्या संध्याकाळी आपण बोललो. तू म्हणालीस, बाबांनी डाव्या हाताने चमचा धरला, शेजारच्या दीपमालाने उकडीचे मोदक पाठवले, बाकी काही विशेष नाही. बाबांनी फोन घेऊन विचारलं, "कुटं पोचली?" मी लिन्झ म्हटलं. तुझ्या आवाजात काही नव्हतं. इतकं काही नव्हतं की मी फोन ठेवल्यावर सायकल काढून विनाकारण नदीपर्यंत गेले आणि आले, पुन्हा गेले. पुढे गेले तर एक तारखेला उगमावर असेन. तोवर तुझा कागद पोचलेला असेल. आणि फोनवर मी कितीही म्हटलं की लेखी देऊ नकोस, मी येते, तरी तू म्हणशील, अगं फिर तू, इतक्या लांब गेली आहेस. माझ्या नुसत्या शब्दावर तू तो कागद थांबवणार नाहीस. का थांबवावास?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. एप्रिलमध्ये बाबांना दवाखान्यातून घरी आणून दीड महिना झाला होता. माझी बिनपगारी रजा आधीच मंजूर होती, व्हिसा आला होता. तू बाबांच्या पायाला तेल चोळत होतीस, दुपार होती, पंखा बंद होता कारण त्यांना वारा सोसत नव्हता. मी दारात उभी राहून म्हटलं, "नीलम, जाऊ काय मी?" तू वर न बघता म्हणालीस, "जा नं ताई. मी आहो नं इथं." आणि मी बरं म्हणाले. हेर्टासारखी. पण हेर्टाला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं. साधा चहा असता तरी मी तुला तीनदा विचारलं असतं. हे मी एकदाच विचारलं, कारण दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तू खरं बोलली असतीस. त्याच संध्याकाळी मी तिकीट काढलं. पाच महिने लोकांना सांगतेय की बहिणीने हसत पाठवलं. तू हसली नव्हतीस, मी बघितलं होतं. हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि सांगण्यासारखं माणूस तूच आहेस. तेवीसच्या विमानाचं तिकीट आज सकाळी काढलं. मुंबईहून रेल्वेने पंचवीसला पहाटे अकोल्यात उतरेन. उगम राहिला याचं मला फार वाईट वाटतंय आणि घरी आल्यावर काही दिवस माझी चिडचिड होईल, ती सहन कर. गोळ्या कधी, तेल कोणतं, त्यांना उठवताना हात कुठे धरायचा, यातलं मला काहीही येत नाही. चार दिवस मला शिकव, चुकले की ओरड, आणि तीस तारखेला हजर होतेय म्हणून लिहून दे.

तुझीच,
ताई