सतरंजीवरची जागा

प्रिय बेबी,

परवा तू आलीस, माझे पाय धरलेस, आणि मी पाय ओढून घेऊन आत निघून गेले. पाणीसुद्धा विचारलं नाही. वैशाली नगरात समोरासमोरच्या दारांत आपलं अर्धं आयुष्य गेलं. तुझं तिखट संपलं की माझा डबा, माझा गॅस संपला की तुझी शेगडी. आणि आता तुला उत्तर द्यायला मला कागद लागतोय. तोंडानं सांगायला गेले तर एक तर रडेन, नाही तर तुझ्यावर ओरडेन. माझा स्वभाव तुला नवा नाही.

"वंदना, कोर्टात म्हन का चेहरा नाही दिसला. तेवढंच म्हन." एवढंच तुझं मागणं. त्या रविवारी काय झालं ते तुझ्या लेकानं, राजकुमारनं तुला सांगितलं असेल, त्याच्या परीनं. आता माझ्याकडून ऐक. चर्चमध्ये उपासना हिंदीत होते, म्हणून दुपारी आम्ही सौंसरकडची चार मराठी माणसं घरी बसून त्या दिवसाचा शुभवर्तमानाचा पाठ मराठीतून वाचतो. तू कितीदा तिथं चहा पिऊन गेलीस, तुला कुणी देव बदलायला सांगितलं का? आमच्या यांची सवयही तुला ठाऊक आहे. उशिरा येणाऱ्यासाठी सतरंजीवर आपल्या बाजूला एकाची जागा रिकामी ठेवायची. 'धर्म बदलवतात' असं ओरडत ती पोरं रॉड घेऊन फाटकातून घुसली तेव्हा सगळ्यांत पुढे तुझा राजकुमार होता, आणि या भोळ्या माणसाला वाटलं, पोरगा भेटायला आला! सायकल यांनीच शिकवली होती ना त्याला. जरा सरकले, रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "ये बेटा, बस इथं." त्याच हातावर त्यानं रॉड घातला. हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

मी तव्यावर तांदळाचे चिले टाकत होते. बाहेर आले तर माझी नणंद सुनिता जमिनीवर, तिचे केस एकाच्या मुठीत. बायबल कुणाच्या तरी बुटाखाली. राजकुमारनं दुसरा घाव यांच्या जबड्यावर घातला आणि रक्ताबरोबर दात सतरंजीवर पडले. तो तिसऱ्यांदा हात उचलत होता. माझ्या हातात चिले उलटायचा तापलेला सराटा होता, तोच मी त्याच्या कानावर हाणला. कान फाटून लोंबला, कातडी चरचरली, तो गुरासारखा ओरडला. खरं सांगू? मला बरं वाटलं. दुसरा कानही फाडावासा वाटला. हे मी पोलिसांना त्याच दिवशी सांगितलं, तुलाही सांगते.

रेल मिलमध्ये ज्या हातानं आयुष्यभर काम केलं त्या हातात यांना आता चहाचा कप धरवत नाही. कित्येक दिवस जबडा तारेनं बांधलेला, नळीनं वरणाचं पाणी पाजायचे मी. आमच्या सुमेधनं पलंगाखाली रॉड आणून ठेवला. "आई, मैं उसके दोनों हाथ तोडूंगा." मी रॉड काढून घेतला, पण लगेच नाही. दोन दिवस तिथंच राहू दिला. झाडताना हाताला लागायचा आणि मला धीर यायचा.

आमच्याकडे प्रभुभोजन घ्यायचं असेल तर आदल्या दिवशी पाळकांना नाव सांगतात. कुणाशी वैर असेल तर आधी ते मिटवून यायचं. मी नाव सांगणंच सोडलं. लोक पुढे जाऊन गुडघे टेकायचे, मी बाकावर बसून राहायचे आणि मनातल्या मनात सराटा चालवायचे. आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी काय पाठ यावा! पाठ आपण निवडत नाही, नेमलेला येतो. यांना फार बोलता येईना, म्हणून घरी मीच वाचत होते. येशूला धरायला माणसं येतात, एक शिष्य तलवार काढून त्यातल्या एकाचा कान कापतो, आणि येशू तो कान बरा करतो. इतका राग आला मला येशूचा! बांधून न्यायला आलेत, आणि हा त्यांचे कान जोडत बसलाय.

पण मग दुसऱ्या शुभवर्तमानात पुढचं वाचलं. तोच येशू, शिपायानं थोबाडीत मारल्यावर सरळ विचारतो, का मारलंस? मारलंच नाही असं नाही म्हणत. मी हे यांना बोलून दाखवलं, तर तुटक्या जबड्यातून म्हणाले, "वंदना, त्यानं मारलंच नसतं तं मी माफ काय केलं असतं?" माणसानं माफ केलंय, बेबी. मी मात्र खूप रडले, आणि माफ अजून रोज थोडं थोडं करते आहे. रोज जमतंच असं नाही. काल सिव्हिक सेंटरला जामिनावर सुटलेला तो दिसला, कानाजवळचा तो व्रण दिसला, आणि पहिल्यांदाच मला बरं नाही वाटलं.

उद्या माझी साक्ष आहे. मी त्याचं नाव घेणार. बोट दाखवून सांगणार, हाच होता. कान मीच फाडला, तेही सांगणार. हे तू कोर्टात पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून हे पत्र. मला शिव्या दे, दार लावून घे. पण त्याला शिक्षा झाली, तर दुर्गच्या जेलात भेटायला तू एकटी जायची नाहीस. मी ऑटो घेऊन तुझ्या फाटकाशी उभी राहीन. चिले मी करीन, त्याला माझ्याच हातचे आवडतात. आणि त्याला यांचा हा निरोप सांग, मला तिथं रडल्याशिवाय सांगता येणार नाही: सतरंजी धुतली आहे, डाग पूर्ण गेला नाही, पण जागा आहे.

तुझीच, समोरच्या दारातली,
वंदना