नादेरची फर्माईश

२ मे

आले बाई एकदाची स्फाक्सला! बेजाहून निघताना आई बजावत होती, तिकडची माणसं कामापलीकडे बोलत नाहीत, तुझ्यासारख्या बडबडीचं कसं व्हायचं. पण रेडिओ फनारच्या लोकांनी पहिल्याच दिवशी मला हरीसाची तिखट चटणी थापलेला भला मोठा पाव खाऊ घातला आणि बंदराकडे उघडणारी खिडकी दिली. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली न्हाव्याचं दुकान. कुठल्या वेळी कुठली गाणी वाजायची हे आता मी, दलेंदा, ठरवणार.

मालक फाखरीसाहेब, इथे सगळे त्यांना सी फाखरी म्हणतात, म्हणजे सूटबूट घातलेली काळजी. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, रेडिओ बुर्जवाल्यांनी आपले श्रोते पळवले, उन्हाळा संपेपर्यंत परत आणलेस तर ठीक, नाहीतर या दाराला कुलूप आणि आपण सगळे रस्त्यावर. ध्वनिमुद्रण सांभाळणारा रिधा पन्नाशीचा, मिशा झुपकेदार, पण आवाज मिसरूड न फुटलेल्या पोराचा. फोन उचलला की पलीकडून विचारतात म्हणे, बाळा, घरात मोठं कुणी आहे का? सगळ्यांत जोरात तोच हसतो. मला इथे आवडणार आहे.

९ मे

माझं मोजमाप साधं. रोज चार-दोन टॅक्सी बदलायच्या आणि कुठलं स्टेशन लागलंय ते बघायचं. बहुतेक पिवळ्या टॅक्सींत बुर्जच. मी सकाळी पिपाण्यांची उडती गाणी सुरू केली, तर दोन दिवसांत त्यांनीही केली. मी दुपारी जुनी, सावकाश गाणी आणली, तर त्यांनी त्याहून जुनी उकरून काढली. आजचा टॅक्सीवाला म्हणाला, ताई, एकच बाई दोन खिडक्यांतून स्वतःशी भांडतेय असं वाटतं बघा तुमचं. हसू आलं, पण रागही आला.

१७ मे

बुर्जने मात दिली. सकाळी अकराला त्यांचा नवा कार्यक्रम. समुद्रापार गेलेल्या पोरांसाठी आया फोन करून गाणी लावायला सांगतात. आधी आईचं नाव, मग मुलाचं. मनूबियाचा मुलगा वलीद, पालेर्मोत असतो, त्याच्यासाठी. टॅक्सीवाल्याने गाडी कडेला घेतली आणि गाणं संपेपर्यंत हलवलीच नाही. मीही रडले. डोळे पुसताना मनात आलं, हे मला कसं सुचलं नाही? असूया वाटली, आणि असूया वाटल्याची लाजही.

२१ मे

त्याच रात्री उलटं करायचं ठरवलं. आयांनी मुलांना नाही, मुलांनी आयांना. तिकडून पोरांनी फोनवर आवाज पाठवायचा, आवडीचं गाणं सांगायचं, आपण अकराच्या ठोक्याला लावायचं. सी फाखरी खुर्चीतून उठलेच. पण चार दिवस झाले तरी कुणाचा आवाज येईना. जे तिकडे आहेत ते कामाने पिचलेत. आणि जे कुठेच पोचले नाहीत ते काय पाठवणार?

शेवटी चहा घेताना मी एक पोरगा तयार केला. नाव न्हाव्याच्या पाटीवरून घेतलं, नादेर. काम टोमॅटोच्या मळ्यात. आवाज रिधाचा. आई, मी जेवलोय, काळजी करू नकोस, आणि केरकेन्ना बेटावरच्या लग्नांत ढोलावर म्हणतात ते गाणं लाव. आईचं नाव मुद्दाम ठेवलं नाही, उगाच त्या नावाची कुणी खरी बाई दारात उभी राहायची. रिधा म्हणाला, बिनआईच्या पोराचं कोण ऐकणार? मी म्हटलं, अरे, सगळ्यांच्याच आया ऐकतील.

२८ मे

ऐकलं! नुसतं ऐकलं नाही, शहराने नादेरला डोक्यावर घेतलं. आज चारही टॅक्सींत आपणच. खालचा न्हावी गिऱ्हाइकांना सांगतो की पोराचं नाव माझ्या पाटीवरचं आहे, आणि त्यालाही कळत नाही की तो खरं बोलतोय. रोज ध्वनिमुद्रण करून रिधाचा घसा मात्र बसलाय.

दुपारी एक बाई जिना चढून आली, मबरूका मावशी. हातात झाकलेलं पातेलं, मासळी घातलेला रव्याचा कुस्कुस. तिचा शुक्री दोन वर्षांपूर्वी बोटीतून निघाला तो निघालाच. म्हणाली, पोरी, तुझा तो नादेर गुणी दिसतो, त्याला विचार ना, माझा शुक्री कुठे भेटला का? डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे त्याच्या. तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. मी म्हटलं, विचारते मावशी. ती गेल्यावर पातेलं मी रिधाकडे सरकवलं.

३ जून

आज रिधाने न केलेला निरोप आला.

तो माझ्यासमोर चहा ओतत होता आणि फोनमधून त्याच्याच त्या कोवळ्या आवाजात कुणी बोलत होतं. आई, इथे टोमॅटो नाहीत. इथे काहीच उगवत नाही. मी रिधावर ओरडले, थट्टेलाही काही सीमा असते. त्याने दोन्ही मुलींची शपथ घेतली, तीही घोगऱ्या कुजबुजीत, कारण मोठ्याने बोलताच येत नाही त्याला. आम्ही तो निरोप लावला नाही. अकराला तो आपोआप लागला.

फोनचा पाऊस पडला. लोक म्हणाले, आजचा सगळ्यांत छान होता.

८ जून

आता तो फोनमधला नादेर रोज बोलतो. गाणं सावकाश लाव म्हणतो. मग म्हणाला, शब्द नकोत, नुसता ढोल. लोकांनाही तेच हवंय. सी फाखरींनी बाकीची सगळी गाणी काढून टाकली. मी विरोध केला तर म्हणाले, बये, श्रोते आलेत ना? मग कशाला खोट काढतेस? संध्याकाळपर्यंत बुर्जवरही तोच ढोल सुरू झाला. टॅक्सीत, कॅफेत, मासळी बाजारात, गच्च्यांवर, सगळीकडे तो एकच ठोका. लोक चालतातही त्याच लयीत. मी मुद्दाम पावलं चुकवून पाहिली. जमलं नाही.

रिधाचा आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. मला भीती वाटते. लिहून टाकते म्हणजे कमी होईल. भीती वाटते.

११ जून

आजचा निरोप — शुक्री इथेच आहे, माझ्या शेजारी. भुवईवर टाक्यांची खूण आहे. बोलत नाही. तोंडात पाणी आहे त्याच्या.

पुसून टाकला. खाली मबरूका मावशी पातेलं घेऊन उभी. म्हटलं, अजून काही कळलं नाही. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, किती वाळलीस गं, पोरांच्या काळजीने आयांचं असंच होतं.

मला मूल नाही. मी तिला तसं सांगितलं. ती नुसती हसली.

१२ जून

त्याला कळलंय. विचारतो, आई, शुक्रीचं का नाही लावलंस?

माझ्याशी बोलत होता. सगळा वेळ माझ्याशीच —

म्हणतो, इथे हाक मारताना आधी आईचं नाव घेतात. सगळ्यांना आहे, मला नव्हतं. मग मी तुझं सांगितलं. दलेंदाचा मुलगा नादेर. आता मलाही हाक मारतात.

शेवटी म्हणाला, ढोल चालू ठेव. त्याच्या मागानेच येता येतं.

१४ जून

ढोल बंद करायला गेले. सी फाखरींनी हात धरला. पंधरा वर्षं वाट बघितली या दिवसाची, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझं ऐकूच जात नाही त्यांना.

उद्या अकराला माईक माझा आहे. सगळं सांगणार. नादेर खरा नाही, मी रचला. मावशीची माफी मागणार. नोकरी गेली तर गेली. तिच्या डोळ्यांतली ती आशा मला नाही बघवत.

१५ जून

स्टुडिओतून लिहितेय. दार आतून लावलंय.

सांगितलं. सगळं सांगितलं, मावशीचं नाव घेऊन. मग काचेपलीकडून रिधाने हात हलवले — बाहेर काहीच गेलं नाही. बाहेर नुसता ढोल. वायर उपसल्या. तरी ढोल.

रिधाने जिन्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आवाज नाही — पळाला. वरच्या गच्चीकडे —

खिडकीत लख्ख ऊन. बंदर रिकामं. रस्त्यावर सगळे थांबलेत. आया दारांत उभ्या. सगळ्या समुद्राकडे बघताहेत, सणासारखे कपडे घालून —

जिन्यावर पावलं. खूप. ढोलाच्या ठोक्याला एक —

मबरूका मावशी दारावर थापा मारतेय. आनंदाने रडतेय. म्हणते, खाली उभा होता गं तुझा पोरगा, चिंब भिजलेला, तुझंच नाव सांगत होता. उपाशी होता बिचारा. पातेलं पुसून खाल्लं. माझा शुक्रीही मागून येतोय म्हणाला —

मावशी, ऐक, मी त्याला —

ऐकत नाही ती —

दाराखालून पाणी. खारा वास. माझे पाय भिजले —

मावशी चिडली आता. म्हणते, दलेंदा, आई ना गं तू त्याची, मग पोराला असं दारात —