भोंगाबाईची कुजबुज

ता. ४ ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मेहुण्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? भाचेबुवांचा खोकला गेला का? आणि तुझे डोळे? मिणमिणत्या दिव्याखाली शिवत बसू नकोस. आम्ही इकडे ठणठणीत. तुझ्या वहिनीची कंबर दुखते, पण भांडी घासायची वेळ आली की हमखास.

धबधबा यंदा जोरात आहे आणि सहलीला येणाऱ्यांची झुंबड. मी नाव हाकतो, लेक पुढे उभी राहून कठडा धरा, वाकू नका असं ओरडून सांगते. सगळे तिला भोंगाबाई म्हणतात ते उगाच नाही. पण तुझ्याकडे त्या ग्रंथपालबाई मुलाला घेऊन तिला पाहून गेल्या, तेव्हापासून पोरगी कुजबुजायला लागली आहे. जेवताना मीठ मागते तर वहिनी पाणी पुढे करते. काल नावेत तिचं कुणाला ऐकूच गेलं नाही. एक गृहस्थ वाकले आणि त्यांची टोपी धबधब्यानं नेली. आज टोपी गेली, उद्या माणूस जाईल. विचारलं तर म्हणते, काही नाही. तिकडे झालं काय ते कळव.

तुझा,
दादा


ता. ९ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा, खोकला गेला, डोळे शाबूत.

मुलगा पसंत आहे, त्यालाही आपली पोर पसंत आहे. अडलंय आवाजाशी. चहा देताना तिनं साखर हवी का एवढंच विचारलं, तर बाईंच्या हातातली बशी कलंडली आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं नको म्हणून उत्तर दिलं. बाई मायाळू आहेत, पण सगळा जन्म वाचनालयात गेलेला. त्यांच्या घरी चहात चमचासुद्धा दबकत फिरतो. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मुलगी गुणी आहे, पण घरात रोज भांडण चालल्यासारखं वाटेल, ते मला सोसायचं नाही. नकार दिला नाही, विचार करते म्हणाल्या. पोरीच्या कानावर ते गेलं असणार.

तिचा तरी काय दोष? आपण सगळेच धबधब्याच्या उशाला वाढलो. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंना वाटायचं, ही सदा रागावलेलीच असते.

मुलगा मात्र रोज शर्टाचं बटण तुटलं म्हणून माझ्या मशीनपाशी येतो आणि पोरीची चौकशी करतो. बटणं कात्रीनं कापलेली असतात, मला काय कळत नाही?

रविवारी मायलेकांना तिकडे पाठवते आहे. बाईंनी धबधबा फक्त चित्रात पाहिला आहे. माझ्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे, मी येत नाही. सांभाळून घे.

तुझी लाडकी,
चिमणी


ता. १५ ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंडळी आली. बाईंना नावेवरचा रेनकोट घोट्यापर्यंत आला. पोरगी इतकं हळू बोलत होती की बाई तीनदा पुढे झुकल्या, शेवटी नुसत्याच हसल्या. मी इंजिनापाशी जीव मुठीत धरून.

धबधब्याखाली तुषारांनी बाईंचा चष्मा भरला. तो पुसायला त्या उभ्या राहिल्या आणि तेवढ्यात लाट आली. भोंगाबाई कुजबुजायचं साफ विसरली. बसा म्हणून अशी गरजली की बाई बसल्या, सगळी नाव बसली, आणि उभं राहून सुकाणू धरायचं सोडून मीही बसलो. नाव बाजूला गेली नि सगळे धबधब्याच्या थेट धारेखाली.

बाहेर आलो तेव्हा पोरीच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं, संपलं सगळं. पण नखशिखांत भिजलेल्या बाई पोट धरून हसत होत्या.

धक्क्यावर उतरल्यावर त्या मला काहीतरी खासगी सांगायला जवळ आल्या. कानात अजून धबधबा घुमत होता ना, त्यांना आपला आवाज कळेना. हीच मुलगी आम्हाला हवी आणि याच आवाजासकट हवी, हे त्यांनी तिकिटाच्या रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवलं. रांगेनं टाळ्या वाजवल्या. आता त्यांनाही शब्द फिरवायची सोय राहिली नाही. मग मुलानं पोरीला हळूच विचारलं, तुझं काय? तिचं हो पलीकडच्या काठावरच्या कोळ्यांनी ऐकलं.

आता तारीख तू आणि बाई मिळून ठरवा. तुझं पत्र लवकर येऊ दे. तू कितीही हळू बोललीस तरी इकडे ऐकू येईल, ग्रंथपालबाईंना मात्र जरा मोठ्यानं सांग, कान अजून उघडले नसतील.

तुझा,
दादा