एकशे वीस की एक पूर्णांक दोन

सारी-तेरेक, ९ सप्टेंबर १९९८

चि. दुईशेनला बुरुलताईचे अ. उ. आ.

फोन ग्रामकचेरीत आहे. तिथे बोललेलं चहा निवायच्या आत गावभर होतं, म्हणून पत्र. निवडणुकीला उभा राहिलेला मामिरोव गावाला नवी शाळा देतोय, आणि जागा कुठली, तर युरेनियमच्या खाणीतल्या मातीचा जुना ढीग. नववीच्या मुलांना घेऊन मी तिथले किरण शाळेच्या जुन्या यंत्रावर मोजले. एकशे वीस आले, एरवी गावात वीसच येतात. आकडा चौकात लावला.

काल सभेत त्याच्या माणसाने नवं यंत्र काढलं. त्यावर एक पूर्णांक दोन. गाव पोट धरून हसला. अरे, जुनं यंत्र मायक्रोरोंटजेन दाखवतं, नवं मायक्रोसीव्हर्ट. मोजायचं माप शंभरपट मोठं, किरण तेवढेच. मी घसा फोडून सांगितलं. मामिरोव म्हणाला, "बाईंना चष्मा देऊ, आणि मुलांना भौतिकशास्त्राऐवजी ट्रॅक्टर शिकवू." टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे माझेच विद्यार्थी.

आज सकाळी माझी खिडकी फोडलेली होती. मला भीती वाटते, दुईशेन.

तुझी ताई

बिश्केक, १७ सप्टेंबर

ती. बुरुलताईस दुईशेनचा सा. सलाम वि. वि.

पत्र वाचलं आणि तसाच निघालो. तीन कचेऱ्या फिरलो. एका साहेबाने मलाच विचारलं, हे सीव्हर्ट कुठल्या पक्षाचे. आधी हसू आलं, मग घाबरलो. मामिरोवच्या माणसांना माफीचा कागद हवा असेल तर सही करून मोकळी हो. लहानपणापासून हट्टी आहेस, या खेपेला धाकट्याचं ऐक. लोभ आहेच, तो घ्यायला तू धडधाकट राहा.

तुझा दुईशेन

सारी-तेरेक, २ नोव्हेंबर

चि. दुईशेनला अ. उ. आ.

सही केली. मोजण्यात चूक झाली, असं लिहून घेतलं. खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. मामिरोव निवडून आला आणि नव्या शाळेची मुख्याध्यापिका त्याने मलाच केलं. नाही म्हणायची छाती झाली नाही. पाया खणताहेत, धूळ उडते. आया माझा हात धरून विचारतात, बाई, काही धोका नाही ना? मी नाही म्हणते.

दर उन्हाळ्यात तुझी लेक आयझिरेक माझ्याकडे राहायला येते. येत्या उन्हाळ्यात तिला पाठवू नकोस. का, ते इथे कुणाला कळू देऊ नकोस.

लोभ ठेवण्याजोगी उरले असेन, तर ठेव.

बुरुल